अंजीर जिवंत आहे, खात्री केली

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

ही वही बागेपुरती. बाकीचं काही हिच्यात लिहायचं नाही. बाकीचं फारसं काही नाहीही.

सकाळी मुलाचा फोन. मागच्या बागेत फरशी घालून टाकू म्हणाला. तुझ्याच्याने होत नाही, चिखल होतो, उद्या पाय घसरून पडलीस तर कोण धावणार, शेजारचे दातांचे डॉक्टर का? मी म्हटलं, बाग तुझ्या बाबांनी लावली आहे. तर म्हणे, लावली होती, आता तिथे नुसत्या काड्या आहेत, ते अंजीर तर केव्हाच मेलंय. मी म्हटलं, थंडीत अंजिराची पानं गळतातच, तुला शहाण्याला माहीत नसेल. (मलाही खात्री नव्हती. पण आवाज चढवला की खात्री असल्यासारखं वाटतं.)

शेवटी ठरलं ते असं. मार्चच्या पहिल्या रविवारी तो येणार. अंजिराला एक पान दाखवायचं. एकच. दाखवलं तर तो फरशीचं नाव काढणार नाही. नाही तर सोमवारी फरशीवाला.

एक पान. मला हसूच आलं. अख्खा महिना हातात आहे.

संकल्प: एक, बागकामाचं पुस्तक आणणे. दोन, अंजीर. तीन, हिरवळ. चार, घरातल्या कुंड्या. पाच, कोणाचाही सल्ला न घेणे.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

ग्रंथालयातून पुस्तक आणलं. जाडजूड आहे, चित्रंही आहेत. ग्रंथपालबाई म्हणाल्या, काकू, तुम्ही तर कादंबऱ्यावाल्या, हे काय मध्येच? मी म्हटलं, बदल. शाळा चौथीत सुटली, पण तेव्हापासून हाताला लागेल ते वाचत आलेय. ज्या विषयावर पुस्तक आहे तो विषय मला येतो, असं माझं मत आहे. ह्यांनी बागेवरचं एकही पुस्तक कधी वाचलं नाही. सगळं अंदाजाने. तरी त्यांचं सगळं यायचं, ते सोडा.

थंडी सरतानाच्या कामांचं एक अख्खं प्रकरण आहे. जेवताना निम्मं वाचलं. उरलेलं कळल्यासारखंच आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ.

मोठी बातमी. पृष्ठ क्रमांक लिहून ठेवला नाही, पण डाव्या बाजूला खाली आहे: पानगळीनंतर झाड जिवंत आहे की नाही हे बघायचं असेल तर नखाने साल जराशी खरवडावी. आत हिरवं दिसलं तर जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर मेलं.

चप्पल न घालताच बाहेर गेले. खरवडलं.

हिरवं.

थोडा पांढरा चीकही आला. म्हणजे भरपूर जिवंत आहे. मुलाला फोन करून सांगितलं. तो मीटिंगमध्ये होता. म्हणाला, आई, करार पानाचा झाला होता, सालीचा नाही. वकील व्हायला हवा होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

अंजीर: हिरवं. (काल बघितलं होतं, पण रात्री फार थंडी पडली, म्हणून.)

आज अवजारं. मागच्या खोलीत ह्यांनी भिंतीला खिळे ठोकून सगळं ओळीने टांगलंय. खुरपं, कात्री, करवत, पाण्याची झारी. कात्री गंजून घट्ट बसली आहे. तेलात बुडवून ठेवली. ह्यांचे हातमोजे घातले. बोटं दोन-दोन पेरं मोठी होतात. चालतील. खरवडताना मात्र उजवा काढावा लागतो.

७ फेब्रुवारी, शनिवार.

अंजीर: हिरवं.

घरातल्या कुंड्या. पुस्तक म्हणतं, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी म्हणजे झाडाला उजेड नीट मिळतो. मी पाण्याऐवजी दूध घेतलं. दुधाने चकाकी येते. रबराचं झाड असं चमकायला लागलं की त्यात बघून केस विंचरता येतील. मनीप्लँटलाही पुसलं. उरलेलं दूध मुळाशी ओतलं, उगाच वाया कशाला.

पुस्तक असंही म्हणतं की थंडीत कुंड्यांना पाणी कमी घालावं आणि खत नव्या वाढीनंतरच द्यावं. पण ते आळशी लोकांसाठी लिहिलं असावं. मी दोन्ही दिलं.

९ फेब्रुवारी, सोमवार.

अंजीर: हिरवं. आजचा खरवडा कालच्या शेजारी. ओळीने करतेय, नीटनेटकं दिसतं.

रबराच्या झाडाला मुंग्या. दिवाणखान्यात आंबूस वास. सूनबाईचा फोन आला तेव्हा मी सहज म्हटलं, घरात काहीतरी वास येतोय. ती म्हणाली, आई, गॅस बंद आहे ना? धावत जाऊन बघून आले. गॅस बंद होता. फोन मात्र चालूच होता, आणि तिकडे ती बिचारी हॅलो हॅलो करत होती.

उजव्या बोटाला खाज. भांड्यांचा नवा साबण बाधला असणार. उद्या बदलते.

११ फेब्रुवारी, बुधवार.

आज हिरवळ. हिरवळ म्हणजे तिला लहानपणापासून तेच नाव आहे म्हणून. रंग सध्या वेगळा आहे.

गवत कापायचं यंत्र दीड वर्षाने बाहेर काढलं. पहिल्या झटक्यात सुरू झालं. ह्यांच्या हाती तीन-तीनदा दोरी ओढावी लागायची आणि मग मशीनशी भांडण. माझ्याशी निमूट वागलं. पुस्तक म्हणतं, या दिवसांत गवत फार खाली कापू नये. मी खाली नाही कापलं. जमीनच वर आली आहे.

दातांचे डॉक्टर कुंपणावर हात ठेवून उभे होते. रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरं काम नाही. पूर्वी रोज संध्याकाळी ह्यांच्याशी बुद्धिबळ खेळायचे, आता पटासकट एकटेच पडलेत, म्हणून माझ्या बागेवर लक्ष. म्हणाले, वहिनी, कवळी काढून ठेवल्यावर जबडा दिसतो ना, अगदी तसं दिसतंय. मी म्हटलं, डॉक्टर, तुमच्या घरी एक निवडुंग आहे आणि तोही झुकलाय. तर म्हणाले, तो झुकलेला नाही, वहिनी, तो विचार करतोय.

अंजीर: हिरवं. हे त्यांच्या देखत खरवडलं. त्यांनी चष्मा वर केला. म्हणाले, हे रोज करता? मी म्हटलं, शास्त्रीय पद्धत आहे, पुस्तकात आहे. रोज करा असं आहे का, म्हणाले. करू नका असंही नाही, म्हटलं.

गप्प बसले. छापील पुरावा असला की माणसं गप्प बसतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

रात्री दव गोठलं. सकाळी सगळी बाग पिठीसाखर भुरभुरल्यासारखी. कापलेलं गवत पिवळं पडलं. हिरवळ विश्रांती घेत आहे.

अंजिराची काळजी वाटली. पुस्तकात लिहिलंय की नाजूक झाडांना कडक थंडीत पोत्याने गुंडाळावं. घरात पोतं नव्हतं. ह्यांचा जुना तपकिरी स्वेटर होता, नाही तरी टाकायचाच होता, तो घातला. खोडाला बटणं लावली आणि बाह्या पाठीमागे बांधल्या. मापात बसला.

खरवडण्यासाठी खालची दोन बटणं उघडी ठेवली. हिरवं.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.

उठल्या-उठल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघितलं, अजून पुरतं उजाडलं नव्हतं. कोणीतरी बागेत पाठ करून उभं आहे असं वाटलं.

चहा दोन कप टाकला गेला. दोन्ही मीच प्यायले. थंडीत जास्त चहा लागतोच.

अंजीर: हिरवं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

मनीप्लँट गेला. जाऊ दे, तो नाही तरी मला आवडत नव्हता. रबराच्या झाडाने तीन पानं टाकली. सूनबाई व्हिडिओ कॉलवर कुंड्या दाखवा म्हणाली. खिडकीतल्या स्नेक प्लँटजवळ फोन नेऊन हळूहळू फिरवला. तो एकच कसा कोण जाणे ठणठणीत आहे, मी त्याच्याकडे लक्ष द्यायचं विसरले होते. ती म्हणाली, अगंबाई, छान दिसतंय की सगळं. मग म्हणाली, आई, हे एकच झाड तुम्ही चारी बाजूंनी दाखवताय का? मी म्हटलं, नेट जातंय, आवाज तुटतोय, आणि ठेवला.

मुलगी हुशार आहे. मुलाला कशी मिळाली देव जाणे.

बोटाला फोड. तिसरा साबण आणला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

दातांचे डॉक्टर चहाला आले. खरं म्हणजे दारापर्यंत आले, चहा मी दिला. बोट बघून म्हणाले, हा साबण नव्हे, वहिनी, अंजिराचा चीक आहे, त्यावर ऊन लागलं की असंच होतं. मी म्हटलं, तुम्ही दातांचे डॉक्टर, बोटाचं तुम्हाला काय कळणार. म्हणाले, बोटाचं नाही कळत, पण खपलीचं कळतं. दाढ काढल्यावर पेशंट घरी जाऊन रोज जिभेने चाचपतो, जखम भरली का, भरली का. म्हणून ती भरत नाही.

चहात साखर नव्हती, तेही सांगितलं नाही त्यांनी. निघताना सांगितलं.

वाईट माणूस नाहीत. पण कोणाचाही सल्ला घ्यायचा नाही असा संकल्प आहे आणि एक तरी संकल्प पाळला पाहिजे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.

अंजीर: हिरवं.

पुढच्या बाजूला जागा उरली नाही, म्हणून आज बाजूला खरवडलं. झाड भिंतीला टेकून आहे, मागे हात जात नाही. तेवढी जागा सोडून सगळीकडे माझ्या नोंदी आहेत.

एक लिहून ठेवते. याचा बागेशी संबंध नाही. हॉस्पिटलात नर्स ह्यांच्या अंगठ्याचं नख दाबून सोडायची. नख पांढरं व्हायचं, मग गुलाबी परत यायचं. म्हणायची, बघा, रक्त फिरतंय. मग मी पण दाबायला लागले. ती गेली की दाबायची. जेवण आलं की दाबायची. हे म्हणाले, अगं, बेल आहे का ती, सारखी वाजवतेस. गुलाबी परत यायचं. शेवटच्या दिवशीही येत होतं.

तर याचा बागेशी संबंध नाही.

उद्या हिरवळीला नवं बी टाकायचं.

२२ फेब्रुवारी, रविवार.

हिरवळीला बी टाकलं. बाग एवढी गजबजलेली मी पूर्वी कधी बघितली नाही. चिमण्या, साळुंक्या, एक लठ्ठ कबूतर. सगळे जेवून गेले. निसर्गाशी नातं जोडणं हाही बागकामाचाच भाग आहे.

मुलाचा फोन: पान आलं का? मी म्हटलं, येण्याच्या मार्गावर आहे. म्हणाला, कुठपर्यंत पोचलंय? लहानपणी असा खवचट नव्हता. बाबांवर गेलाय.

मग म्हणाला, आई, मी बागेच्या विरुद्ध नाहीये. तू डिसेंबरात त्या चिखलात घसरलीस आणि आठ दिवस मला सांगितलं नाहीस, त्याच्या विरुद्ध आहे. मी म्हटलं, घसरले नव्हते, बसले होते. बसायला चिखलच सापडला का, म्हणाला. ह्यावर मी अंजिराकडे जाते म्हणून सांगितलं.

अंजीर: हिरवं. जरा फिकट. ढगाळ होतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार.

शेंडा फुगलाय.

फांदीच्या अगदी टोकाला पेन्सिलीला टोक केल्यासारखा एक कोंब असतो, तो कालपर्यंत तपकिरी होता. आज फुगलाय आणि टोकाला हिरवी रेघ आहे. नाकावर चष्मा, त्यावर भिंग धरून बघितलं. रेघच आहे.

दातांच्या डॉक्टरांना कुंपणावरूनच हाक मारली. ते पायजमा सावरत आले, स्टुलावर चढले, बराच वेळ बघत राहिले, जणू अक्कलदाढ येतेय. म्हणाले, वहिनी, हे पान आहे. जिंकलात. आता एक ऐका, रविवारपर्यंत हात मागे बांधून बसा.

मी म्हटलं, मी काय लहान मुलगी आहे?

२६ फेब्रुवारी, गुरुवार.

हात लावला नाही. फक्त खोडाला, ते वेगळं.

मुलाला कळवलं. सूनबाईने ओरडून अभिनंदन केलं, मागे टीव्ही होता म्हणून नीट ऐकू आलं नाही, पण ओरडली. मुलगा म्हणाला, बघू या. आवाजावरून वाटलं की हरल्याचा त्याला आनंदच झालाय.

रविवारी दोघांना जेवायला थांबा म्हटलं. थांबतो म्हणाला.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.

कोंब कालच्याइतकाच. वाढला नाही. म्हणजे वाढला असेल, मोजलेला नाही. पण उघडलाही नाही. उद्या ते दहापर्यंत येणार.

वरून हिरवा आहे हे खरं. पण वरून हिरवं असून आत काहीच नाही, असंही असतं. शेवटच्या संध्याकाळी ह्यांचा चेहरा किती छान दिसत होता. उशीला टेकून बसले, दही मागितलं, माझ्या साडीचा रंग चांगला आहे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. मी घरी येऊन मुलाला सांगितलं, बाबा बरे होतायत.

उद्या मुलाला पोकळ कोंब दाखवून चालणार नाही. आधी आपली आपण खात्री केलेली बरी.

२८ फेब्रुवारी. संध्याकाळ.

खात्री केली.

स्टुलावर चढले. अगदी हलक्या हाताने, नखाने, वरची एक साल सोडवली. तिच्या आत आणखी एक होती. तीही सोडवली. आत पान होतं. एवढंसं, घडी घातलेलं, पाचही बोटं स्पष्ट, मधल्या शिरासुद्धा. ओलं आणि इतकं हिरवं की पोपटाला लाज वाटावी. शंभर टक्के जिवंत.

मग ते माझ्या तळहातावर पडलं.

बशीत पाणी घेऊन त्यात ठेवलंय.

१ मार्च, रविवार. संध्याकाळ.

आले. दहाच्या आधीच.

मी बशी पुढे केली. म्हटलं, हे पान. बशीतलं पान रात्रीत काळं पडून पिळवटलं होतं, चहाच्या चोथ्यासारखं. मुलाने बशी बघितली, मला बघितलं. म्हणाला, आई, हे झाडावर असायला हवं होतं. मी म्हटलं, काल दुपारपर्यंत होतं, डॉक्टर साक्षीदार आहेत. डॉक्टर कुंपणापाशी हजर होतेच. म्हणाले, होतं. मी स्वतः बघितलं. एवढं बोलून आपल्या निवडुंगाला पाणी घालायला निघून गेले. त्याला गेल्या महिन्यात एकदाही घातलं नव्हतं.

मुलगा झाडाजवळ गेला. स्वेटर बघून थांबला. बटणं काढायला लागला, खालची दोन उघडीच होती. आत खोड दिसलं. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सोललेलं. कोणी केलं हे, म्हणाला. खारी, म्हटलं. खारी खूप झाल्यात यंदा.

त्याने माझं बोट बघितलं. चिंधी बांधलेलं.

रोज, म्हणाला. मी म्हटलं, रोज कसं, एखाद दिवस सोडून. कोणता दिवस सोडलास, म्हणाला. आठवला नाही.

सूनबाईने त्याच्या दंडाला धरलं. त्याने खोडाभोवती हात फिरवत फिरवत भिंतीच्या बाजूला नेला, त्याचा हात लांब आहे, पोचला. म्हणाला, इथे साल शाबूत आहे. दोन बोटं रुंद पट्टा असेल, खालपासून वरपर्यंत. मी म्हटलं, तिथे माझा हात जात नव्हता. बरं झालं, म्हणाला. मग स्वेटरची बटणं परत लावली, सगळी, खालची दोनसुद्धा.

डॉक्टरांना परत बोलावलं. ते म्हणाले, तेवढ्या पट्ट्यावर झाड तगूही शकतं. मे महिन्यापर्यंत कळेल. तोवर काय करायचं, मुलाने विचारलं. काही नाही, म्हणाले. मी पण विचारलं. त्यांनी तेच उत्तर दिलं, फक्त माझ्याकडे बघून, सावकाश.

जेवण झालं. भात जरा लागला होता. कोणी काही बोललं नाही, म्हणजे बराच लागला असणार. मुलगा दुसऱ्यांदा घेताना म्हणाला, आई, फरशी घालायची. पण अंजिराभोवती मोकळं ठेवू, दोन्ही हात पसरल्यावर जेवढं होतं तेवढं. मी म्हटलं, करार तसा नव्हता, पान नाही तर सगळी फरशी. तो म्हणाला, पान होतं ना, डॉक्टर साक्षीदार आहेत.

मी वाढायला उठले. वाढायला काही उरलं नव्हतं, तरी उठले.

२ मार्च, सोमवार.

फरशीवाला सकाळीच आला. हिरवळ दुपारपर्यंत फरशीखाली गेली. तशी मला फरशी पहिल्यापासूनच हवी होती. कपडे वाळत घालायला बरी. झाडायलाही सोपी.

पुस्तक परत केलं. ग्रंथपालबाईंनी विचारलं, काकू, बाग कशी आहे? म्हटलं, उत्तम. कादंबरी द्या.

दुपारी खिडकीतून अंजिराकडे बघितलं. स्वेटर घालून उभं आहे, सगळी बटणं लावून. कसं आहे ते कळलं नाही. इथून कळत नाही.

आज हात लावला नाही. उद्याही लावणार नाही. परवाचं आत्ताच सांगता येत नाही.